हलक्या पावलांचं घर

चौकटीपाशी पडलेली ती लाल चकती त्याने उचलली तेव्हा त्याला ती कुणाच्या तरी कपड्याचं बटणच वाटली होती — मग बोटांना मऊपणा लागला आणि डोळ्यांच्या आधी बोटांनीच ती ओळखली : नमद्याची चकती, शिलाई मशीनवर रिळाच्या खिळ्याखाली बसते ती, त्याच्याच मशीन-दुरुस्तीच्या दुकानातली. एका अंगाला वाळलेला डिंक होता. आत्ताच दार वाऱ्याने धाडकन आपटलं होतं, हातातला चहा सदऱ्यावर सांडला होता, छातीत अजून काहीतरी धावत होतं... आणि या घरात दार आपटू शकतं याचंच त्याला नवल वाटत होतं. आमचं घर शांत, असं तो चारचौघांत सांगत आला होता. लढाईवरून परतलेल्या माणसाला असं घर मिळायला नशीब लागतं, बायको शांत, मुलगी शांत...

चौकटीवर डिंकाचा गोल डाग होता. तो आतल्या दारापाशी गेला. तिथे चकती होती. न्हाणीच्या दाराला होती, कपाटाच्या दोन्ही दारांना आणि आतल्या कप्प्यालाही होती, खिडक्यांना होती — काही नव्या, काही दबून दबून कागदासारख्या झालेल्या, रंग पार उडालेल्या. इतकी वर्षं तो या दारांतून ये-जा करत होता, मशीनच्या पोटातला केसाएवढा धागा त्याला दिसायचा, आणि हे दिसलं नव्हतं.

"हे कोणी लावलं?"

बायको ओट्यापाशी होती. त्याच्या हातात काय आहे ते तिने पाहिलं आणि पुन्हा बरणीचं झाकण लावू लागली. "चौकटीचा रंग उडतो हो. तुमच्याच डब्यातल्या घेतल्यात, चोरी म्हणा हवं तर." ती हसली. "सदरा बदला आधी, डाग राहील."

त्याने सदरा बदलला.

दुकानात तो एका जुन्या मशीनचे दात साफ करत बसला, पण हात आपोआप चालत होते आणि मन दारं मोजत होतं. रंग उडतो म्हणून... मग कपाटाच्या आतल्या कप्प्याला कशाला? तेवढ्यात रस्त्यावरूनच हाक आली, "मी आलोय होऽ!" — आणि मागोमाग शिंपीमास्तर खांद्यावर मशीनचं डोकं घेऊन वर चढले. मास्तर रोज असेच यायचे, गल्लीभर ओरडत. त्याला ते आवडायचं. मोकळा माणूस.

"टाका सोडतंय बघा. गिऱ्हाईक म्हणतं, मास्तर, बाही शिवलीय का नुसती लटकवलीय?"

त्याने शटल — खालच्या धाग्याची बॉबिन बसते ती — उघडली, टोक बोटाने चाचपलं, आणि न ठरवताच विचारलं, "मास्तर, तुम्ही नेहमी रस्त्यावरूनच का ओरडता?"

"सवय." मास्तर हसले, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसू आवरतं घेतलं. "अहो, वहिनींनीच सांगितलं होतं. तुम्ही दुकान टाकलंत तेव्हा एकेकाकडे येऊन म्हणाल्या — ह्यांना जरा कमी ऐकू येतं, लांबूनच हाक मारत जा."

"मला कमी ऐकू येत नाही."

"ते काय मला ठाऊक नाही होय?" मास्तरांनी नजर मशीनकडे वळवली. "सगळ्या बाजाराला ठाऊक आहे."

मास्तर गेल्यावर तो शटल हातात धरून बसून राहिला. सगळ्या बाजाराला. चहावाला पेला लांबून खणखणवत यायचा, समोरचा कुलूपवाला शटर ओढायच्या आधी उगाच खाकरायचा, आणि मी समजायचो की या गावाची माणसंच अशी — बोलकी, जिव्हाळ्याची...

लढाईत त्या डोंगरावर कुणी खाकरलं नव्हतं. धुकं होतं, चर खणून ते दोघं खांद्याला खांदा लावून बसले होते, तो आणि गवई — गवई म्हणजे काही गाणारा नव्हे, सतत नाकात गुणगुणायचा म्हणून पलटणीने ठेवलेलं नाव — आणि मागे खडीवर पावलं वाजली. गुणगुणणं थांबवून गवई म्हणाला, "चहा आला वाटतं." गवई वळला नाही. चहा येत असताना कोण वळतं? मी वळलो. का वळलो ते आजही सांगता येत नाही, पण वळलो, आणि तो चहा नव्हता, पुढचं हातांनी केलं, मी नाही, हातांनीच... आणि सगळं निपचित झालं तेव्हा गवई अजून तसाच बसला होता, मेलेला, चहाची वाट पाहत असल्यासारखा. बाकीचं पुष्कळ पुसट झालं. हातांचं मात्र झालं नाही. ते तेव्हापासून वळलेलेच आहेत.

त्याने मशीन तशीच ठेवली, शटर ओढलं, आणि जेवणाची वेळ झालेली नसताना घराकडे निघाला. मुलगी माहेरपणाला आली होती, तिची छोटी — चिमणी — बरोबर होती, नातीसाठी आजोबा लवकर आले असं म्हणता येईल... रस्ताभर तो हेच घोकत राहिला.

मागच्या दारी पोचला तेव्हा खिडकीतून मुलीचा आवाज येत होता.

"परत सांग बघू. आजोबांकडे कसं जायचं?"

"पुढून."

"आणि?"

"आधी सांगायचं, आजोबा मी येतेय. मग जायचं. ते झोपले असले तर हात नाही लावायचा."

"आणि फुगा?"

"फुगा घरात नाही." चिमणी थांबली. "आई, आजोबा चावतात का गं?"

"वेडी कुठली!" मुलगी म्हणाली. "आजोबा खूप चांगले आहेत. म्हणून तर."

तो भिंतीला टेकला. परवापासून चिमणी अगदी समोर येऊन, दोन्ही हात पसरून, "आजोबा मी येतेय" म्हणायची आणि तो म्हणायचा, "या, महाराणी!" त्याला तो खेळ वाटला होता.

आत गेला तेव्हा मुलगी फ्रॉकच्या घड्या घालत होती. त्याला पाहून ती चमकली, लगेच हसली — तिच्या आईसारखंच, तेवढंच आणि तितक्याच वेळात. चिमणी मागच्या अंगणात पळाली.

"तुझा हात मोडला होता," तो म्हणाला. "लहानपणी."

"हो की. पायरीवरून पडले होते."

पायरीवरून. प्लास्टरवर त्यानेच तिला पेनाने बदक काढून दिलं होतं, तिला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा, आणि भेटेल त्याला सांगायचा — पायरीवरून पडली, धांदरट आहे, बापावर गेली नाही. खांद्यावरून ती काहीच बोलायची नाही. एका हाताने त्याचे केस धरून बसायची.

"तेव्हा आपण भाड्याच्या खोलीत राहायचो."

"असेल, बाबा."

"त्या खोलीला पायरी कुठे होती?"

मुलीने घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. त्या खोलीचा उंबरा रस्त्याला टेकलेला होता, पावसात पाणी सरळ आत यायचं... हे तिलाही आठवत होतं. तिचा डावा कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही. तेव्हा मुलगी मागून आली असेल. डोळ्यांवर हात ठेवायला आली असेल, ओळखा पाहू कोण...

"जेवून घ्या ना आधी," ती म्हणाली. "आणि हे आईला नका विचारू."

तो जेवला. दुकानात परत गेला नाही. दुपारी बायको पुढच्या खोलीत खिडकीपाशी मटार सोलत बसली होती, तिच्याजवळ तो जाऊन बसला. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण विचारायचं तरी काय — तू मला घाबरतेस का? कधीपासून? ती शेंगा मोडत होती, दाणे भांड्यात पडत होते आणि वाजत नव्हते, कारण भांड्याच्या तळाशी तिने फडकं घातलं होतं.

"आज दुकान?" तिने विचारलं.

"नको वाटलं."

"बरं केलंत."

बोलता बोलता तिने ओला हात त्याच्या मनगटावर ठेवला. असा ती नेहमीच ठेवायची, मध्येच, काही कारण नसताना, आणि त्याला ते तिचं सगळ्यात सुंदर वाटायचं — इतक्या वर्षांनीही बायको आपला हात धरते... आणि तेवढ्यात शेजारच्या बांधकामावर लोखंडी पत्र्यांची चळत टेम्पोतून खाली कोसळली. खोली थरथरली. तो दचकला, पण उठला नाही, मनगट तिच्या हाताखालीच राहिलं.

मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं. टेम्पोची फळी इथूनच दिसत होती. मजुरांनी ती खाली पाडलेली तिला दिसली असणार. आवाज यायच्या आधीच तिचा हात आलेला होता.

आजवरचे सगळे हात... लग्नघरातले, बसमधले, रस्त्यावरचे. एकेका हातामागे कुठला आवाज होता ते आता शोधून सापडणार नव्हतं, आणि काहींमागे कदाचित कुठलाच नसेल. ते कसं कळायचं? तिला विचारलं तर तिला तरी सांगता येईल का...

बाहेर मजूर हसत होते. तिने हात काढला नव्हता. त्याच्या कातडीवर तिची बोटं होती आणि बोटांतून ठोके येत होते, पहिल्यांदा ते त्याला आपलेच वाटले. मग त्याने श्वास रोखून नीट ऐकलं. त्याचे ठोके केव्हाच शांत झाले होते. धावत होते ते तिचे — आणि ती दुसऱ्या हाताने, खिडकीवरची नजर न काढता, पुढची शेंग उचलत होती.