एकशे चाळीस किल्ल्या

अण्णांनी उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, आणि ते निस्तरणं लेकीच्या वाट्याला आलं.

अण्णा किल्ल्या बनवायचे. दुकान एवढंसं, पण कुणी घराबाहेर अडकलं की हातातला घास टाकून धावायचे, अंगात ताप असला तरी. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. गल्लीतल्या प्रत्येक घराची जादा किल्ली दुकानातल्या फळीवर टांगायची. चोराच्या हाती लागली तर पंचाईत नको, म्हणून किल्लीवर नाव नाही, नुसता आकडा. कुठला आकडा कुणाचा, ते अण्णांच्या डोक्यात आणि लेकीच्या. सहा वर्षांची होती तेव्हापासून त्यांनी ते तिच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. मग काय, दोघांपैकी एकानं कायम दुकानात असायलाच हवं. नवऱ्याची बदली होऊन चार वर्षं झाली, तरी ती इथेच. अण्णा थकले होते, त्यांना टाकून जाणार कुठे?

आता अण्णा गेले. नवऱ्याने तिकडे खोल्या घेतल्या, मुलीची शाळाही ठरली. पुढच्या मंगळवारी निघायचं होतं. तिने घरोघर निरोप धाडला, आपापल्या किल्ल्या घेऊन जा. एकजण फिरकला नाही. "असू दे की तुझ्याकडेच," सगळ्यांचं एकच पालुपद.

आज शोकसभेला गल्ली लोटली होती. शिंपीकाका उठले. "बायको आत बेशुद्ध पडली होती. अण्णा होते म्हणून दार उघडलं, म्हणून आज ती आहे." खरंच होतं. तिलाही रडू आलं. पण प्रत्येक कौतुकागणिक मंगळवारचं निघणं अवघड होत चाललं होतं. वाईट बापावर निदान चिडता तरी येतं. इतक्या चांगल्या माणसाशी भांडायचं कसं?

तेवढ्यात तिची मुलगी, चिमणी, पुढे झाली. वय वर्षं सात.

"आजोबांनी मला शिकवलंय," ती म्हणाली आणि सुरू झाली. "एक, मास्तर. दोन, शिंपीकाका. तीन, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई..."

आईला याचा पत्ताच नव्हता. पोरगी कुठेही न अडखळता एकशे चाळीसपर्यंत गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"खाण तशी माती," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "चला, आमचा घोर मिटला."

सगळ्यांचे चेहरे खुलले. तिला मात्र कळलं, आता आपल्यानंतर हिलाही इथेच अडकवणार. अण्णांनी मायेनेच शिकवलं असणार, मांडीवर बसवून, लाड करत. तिलाही तसंच शिकवलं होतं. ती उठून उभी राहिली.

"रविवारपर्यंत किल्ल्या न्या. सोमवारी ज्या उरतील त्यांचे दात मी कानशीने घासून टाकणार आहे."



"अगं, अण्णांच्या सभेत हे बोलतेस?" शिंपीकाका म्हणाले.

"अण्णांसमोर बोलायची छाती झाली नाही, काका. म्हणून आज बोलते."

लोक तिच्याकडे न बघता एकेक करत उठले. जाताना मास्तरांनी चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या आईशी मात्र बोलले नाहीत.

रिकाम्या खुर्च्यांमध्ये चिमणी रडवेली होऊन उभी होती. "आई, मी एकपण चुकले नव्हते ना गं?"

"एकही नाही," ती म्हणाली. तिने पोरीला पोटाशी घट्ट धरलं. ती स्वतः तर ते आकडे मरेपर्यंत विसरणार नव्हती. पोरीला कसं विसरायला लावावं, याचाच ती विचार करत राहिली.