डिस्कवरचं तूप

मी एक सायकल बोलतेय. डोंगरात चालवायची, जाड टायरांची माउंटन बाइक. आधीच सांगून ठेवते, माझ्या बोलण्यातून काही बोध मिळेल या आशेने बसला असाल तर खुशाल उठा. माझाच गोंधळ अजून मिटलेला नाही, तुमचा काय मिटवणार, कप्पाळ!

जन्म तैवानच्या कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही, कारण डोळे उघडायच्या आत खोक्यात बंद झाले. खोकं उघडलं ते थेट कॅनडातल्या ओकव्हिलच्या दुकानात. तिथे देवयानी आली, मला उचलून पाहिलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि घरी घेऊन गेली. मला वाटलं, आता डोंगर! पण बाई मला बेसमेंटात घेऊन गेली.

तिथे तिने माझ्या मागच्या चाकाखाली एक रोलर बसवला आणि वर चढून पॅडल मारायला लागली. चाक गरगर फिरतंय, तिचा घाम टपटप गळतोय आणि आम्ही दोघी जागच्या जागी! समोर वॉटर हीटर. तासाभराने पाहावं तरी तोच वॉटर हीटर. तिची मुलगी ईशिता जिन्यावरून डोकावून म्हणायची, "मॉम, यू आर गोइंग नोव्हेअर!" मला अगदी पटायचं. बाहेर बर्फ पडत होता हे मला कुणी सांगितलं असतं तर एवढी चिडले नसते. मराठी मात्र मी तिथेच शिकले, कारण देवयानी पॅडल मारता मारता फोनवर बाबांशी बोलायची.

बाबा म्हणजे विश्वनाथराव, मुक्काम विंडसर. देवयानीचा जन्मही तिथलाच. बाबांनी जन्मभर मोटारींच्या सीटा केल्या. पूजाअर्चेचा विषय निघाला की त्यांचं तोंड वाकडं. घरात नवी गाडी आली की देवयानीची आई, सुहासिनीबाई, तुपात कुंकू कालवून चाकांना बोट टेकवायच्या, आणि हे शेजारी उभे राहून म्हणायचे, "अगं, वॉरंटी आहे तिला. देवाला कशाला त्रास?" सुहासिनीबाई म्हणायच्या, "चाक फिरतं म्हणून माणूस घरी येतो. तुम्ही तुमच्या सीटा सांभाळा."

मी घरात आले त्याच वर्षी देवयानी ब्रिटिश कोलंबियातल्या रेसला जाणार होती. आठवडाभराची रेस, रोज नवा डोंगर. सगळी तयारी झाली आणि आई आजारी पडली. मग मी भिंतीला टेकून आणि देवयानी विंडसरच्या हॉस्पिटलात. रेस राहिली ती राहिली, आईही राहिली नाही. जाण्याआधी त्या लेकीला म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी जा. आणि अर्ध्यातून परत येऊ नकोस हं." रोलरवर चढ लावला, दम लागला की देवयानी हेच वाक्य पुटपुटायची. तिला नंबर नको होता. शेवटच्या दिवसाची शेवटची रेघ ओलांडायची होती, बस्स.

पुढचा उन्हाळा आला. मला सुटं करून खोक्यात कोंबलं आणि विमानात चढवलं. देवयानीच्या नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून सोबत बाबा निघाले. आई गेल्यापासून ते फारसे बोलत नसत. "घरात बसून तरी काय करू?" एवढंच म्हणाले.

आणि अखेर डोंगर! अहो, काय सांगू! ओली मुळं, दगड, देवदारांचा वास, आणि पॅडल मारलं की चक्क पुढे जाता येतं! जन्मात पहिल्यांदा मला माझा उपयोग कळला. आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. पण माझ्या नशिबी सरळ काही लिहिलेलंच नाही.

नियम असा की रोज ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं. उशीर झाला की रेसमधून नाव कट, दुसऱ्या दिवशी सोडत नाहीत. पहिल्या सकाळी देवयानी मला बाबांच्या हाती देऊन वॉशरूमच्या रांगेत उभी राहिली. बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि खिशातून स्टीलची एक डबी काढली. झाकणाला पोचा आलेला. आत तुपात कालवलेलं कुंकू.

माझ्या चाकाच्या मधोमध एक पोलादी चकती असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन छोटे पॅड तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. माझ्या अंगावर सगळ्यात चकचकीत तीच. टायर आदल्या दिवशीच्या सरावात चिखलाने भरलेले, म्हणून बाबांनी बोट नेमकं तिथे टेकवलं. पुढे एक, मागे एक. "सुहास, लक्ष असू दे," म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. मग कुणी पाहील या धास्तीने रुमालाने कुंकू पुसलं. लाल रंग गेला, तूप मात्र छान चोळलं गेलं.

आता मोटारीचा ब्रेक असतो आत झाकलेला. बाहेरून चाकाला तूप लावा नाही तर श्रीखंड, काही बिघडत नाही. माझी डिस्क उघडी. तिला तुपाचा नुसता हात लागला तरी पॅड बाद. जन्मभर सीटा केलेल्या माणसाला हे कोण सांगणार? आणि मला तोंड नाही. घंटीसुद्धा नाही हो!

पहिल्याच उतारावर देवयानीने ब्रेक दाबला आणि मी जी किंचाळले म्हणता! थांबायचं सोडून नुसती बोंबलतेय. ती मुळांवरून घसरत खाली गेली आणि एका झुडपात थांबली. कोपर सोललं. पुढचे सगळे उतार तिने मला हाताने धरून उतरवले. बाकीचे जण "यू ओके?" विचारत शेजारून सुसाट निघून गेले.

शेवटच्या रेघेपाशी बाबा उभे. माझा आवाज ऐकून चरकले. "काय गं ओरडते ही! काही धोका नाही ना?" मग माझ्याकडे पाहत हळूच म्हणाले, "उद्या जरा जास्त लावतो." करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा. ते मनापासून आशीर्वाद देत होते आणि मी त्यांच्याच लेकीला दरीकडे घेऊन चालले होते. प्रेमाला नाही म्हणावं, की हो म्हणावं? माझी तर मतीच गुंग झाली.

रेसच्या तंबूत गुंजन नावाची मेकॅनिक होती, सरे गावची पंजाबी मुलगी. तिने पॅड बदलले, डिस्क पुसली. सकाळी पुन्हा वॉशरूमची रांग, पुन्हा डबी, पुन्हा रुमाल, पुन्हा माझा गळा मोकळा. गुंजन पुन्हा पॅड बदलायची आणि डोकं खाजवायची. देवयानी एकदा काठावर पोचली, एकदा त्याहून काठावर. शेवटून दुसऱ्या दिवशी तर माणसं घड्याळ पाहत वेळेची पाटी काढायला निघाली होती, तेव्हा आम्ही धापा टाकत आत शिरलो. देवयानी माझ्या हँडलवर डोकं टेकून रडली. "उद्या असंच झालं तर नाही गं पोचत आई," म्हणाली.

त्या संध्याकाळी गुंजनने जुने पॅड चिमट्यात धरले आणि गॅसच्या ज्योतीवर तापवले. नाक वर करून म्हणाली, "दीदी, एक बात बताओ. ये घी की खुशबू कहाँ से आ रही है?"

खरंच, घरात बेसनाचे लाडू करायला घेतलेत असा वास सुटला होता. देवयानी हसली. मग हसता हसता थांबली. हा वास तिच्या ओळखीचा होता. तंबूबाहेर बाबा खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून पोचा आलेलं झाकण डोकावत होतं. आईची डबी. देवयानी तरातरा दोन पावलं गेली आणि परत फिरली. "नवे पॅड लगा दो, प्लीज," एवढंच गुंजनला म्हणाली. ओरडायला हवं होतं की नाही? मी असते तर ओरडले असते. मी ओरडतच होते!

शेवटच्या सकाळी ती रांगेत गेलीच नाही.

"बाबा, आईची डबी आणलीय ना तुम्ही?"

बाबा चोरी पकडल्यासारखे गोरेमोरे झाले. "अगं, ते आपलं... माझा काही विश्वास वगैरे नाही हं."

"माहितीये. मला लावा ना."

तिने हेल्मेट मागे सारलं. बाबांनी तिच्या कपाळाला बोट टेकवलं. मग सवयीने डिस्ककडे वाकले. देवयानीने त्यांचं बोट अलगद धरलं आणि माझ्या हँडलवर आणलं. "इथे लावा. म्हणजे मला रोड दिसतो तसं तेही दिसेल."

त्या दिवशी मी हूं की चूं केलं नाही. ब्रेक दाबला की थांबत होते, सोडला की पळत होते. ऊन डोक्यावर यायच्या आत आम्ही शेवटची रेघ ओलांडली. बाबांनी लेकीला असं घट्ट धरलं की तिच्या अंगावरचा सगळा चिखल त्यांच्या स्वेटरला लागला. "आज चाकाला नव्हतं लावलं, धाकधूक होती गं," म्हणाले. "इतके दिवस लावलं म्हणूनच सुखरूप राहिलीस."

"हो बाबा," देवयानी म्हणाली. "त्यामुळेच."

शुद्ध खोटं! माझ्या तोंडावर! तेवढ्यात बाबांची नजर माझ्या कोरड्या डिस्कवर गेली आणि तिथेच खिळली. आज तूप नाही आणि माझी किंचाळीही नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. मग ते चहा आणायला निघून गेले.

आता मी ओकव्हिलच्या गराजमध्ये हुकाला लटकलेली असते. दसऱ्याला बाबा आले होते. घरात पुरणाची गडबड चाललेली, आणि हे एकटेच गराजमध्ये आले. खिशातून स्पिरिटची बाटली आणि स्वच्छ फडकं काढलं, माझ्या दोन्ही डिस्क लखलखीत होईस्तोवर पुसल्या. मग डबी उघडून हँडलवर बोट टेकवलं. "चुकलंच गं सुहास," ते पुटपुटले. "पोरीचा जीव गेला असता. पण अक्षरानं बोलली नाही बघ." आणि डोळे पुसत बसले.

"बाबा, कुठे आहात? पानं वाढलीयेत!" देवयानीची हाक आली.

"आलो, आलो! काही नाही, तुझी सायकल बघत होतो!"

तिला वाटतं, बाबांना माहीत नाही. बाबांना वाटतं, आपल्याला कळलंय हे लेकीला कळू नये. दोघांच्या मधे मी लटकलेय, सगळं ठाऊक असून मुकी. म्हणून तुम्हाला सांगून मोकळी झाले. तुम्ही कधी आलात त्यांच्याकडे, तर जेवा, गप्पा मारा, गराजमध्ये येऊन मला भेटा. माझ्या हँडलवरचा तो लाल ठिपका पुसू नका, आणि दोघांपैकी कुणाला काही सांगू नका.