थांगवहिनी जिन्यात

मी जन्मले तेव्हा आमच्या घरात पहिलं पाऊल टाकलं ते टोफू विकणाऱ्या एका बाईने, आणि तीही भांडायला आली होती. आमच्या कुत्र्याने तिची टोपली उलथवली होती. कमरेवर हात ठेवून ती सरळ आत शिरली, माझ्या आजोबांना तोंडाला येईल ते बोलली, आणि बोलता बोलता तिची नजर माझ्यावर गेली. झालं. आमच्या यीबिन शहराकडे अशी रीत आहे की बाळंतिणीच्या घरात बाहेरचं जे माणूस पहिल्यांदा येऊन बाळाला बघतं, त्याच्या वळणावर बाळ जातं. स्वभावही त्याचा आणि नशीबही त्याचंच. लहानपणी मी कुणाशी भांडले की आई कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, आली बघा टोफूवाली. शाळेत, कुरियरच्या डेपोत, सासरी, सगळीकडे माझ्या तोंडाचं श्रेय त्या बाईला गेलं. माझं स्वतःचं काही असेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तर आता मला मुलगी झाली, तेव्हा सासूबाईंनी ठरवलंच होतं की या खेपेला असला घोटाळा होऊ द्यायचा नाही. त्यांनी माणूस आधीच हेरून ठेवला होता. त्यांच्या भावाचा मुलगा बोवन. छंगदूला बँकेत मोठा अधिकारी, दोन फ्लॅट, गोरा रंग, आणि कधी आवाज चढवत नाही. कशाला चढवेल, सगळं न बोलता त्याच्या मनासारखं होतं. आम्ही दवाखान्यातून घरी येऊ त्या दिवशी बोवनदादाने सकाळच्या गाडीने स्टेशनवर उतरून यायचं, पहिलं पाऊल टाकायचं, बाळाला बघायचं. दवाखान्यातल्या नर्सांनी पोरीला उलटीपालटी करून धुतली होती, ते मोजायचं नाही म्हणे. मोजायचं ते बाळाने घरचा उंबरा ओलांडल्यापासून.

मी म्हटलं, येऊ दे बापडा. मला काय, मला थांगवहिनी येणार होत्या.

महिना सांभाळायला जी बाई येते तिला आमच्याकडे वहिनीच म्हणतात. ती घरातच राहते, बाळ बघते, बाळंतिणीचं खाणंपिणं बघते, आणि महिना भरला की बॅग उचलून पुढच्या बाळंतिणीकडे जाते. चांगली बाई हवी तर पोट दिसायला लागायच्या आत सांगून ठेवावं लागतं. एजन्सीने फोनवर बायका दाखवल्या, आणि सासूबाईंनी त्या अशा पारखल्या की दात तेवढे मोजायचे राहिले. एक वाघाच्या वर्षात जन्मलेली निघाली, ती बाद. एकीचा आवाज मोठा, तीही बाद, घरात एक मोठ्या आवाजाची आहे तेवढी पुरे म्हणून. थांगवहिनी सशाच्या वर्षातल्या होत्या, म्हणून पास झाल्या.

मी त्यांना एकच विचारलं, दूध उतरलं नाही तर? त्या हसल्या. म्हणाल्या, रडायचं नाही आणि माझ्यावर ओरडायचं असेल तर ओरडायचं, बाकी मी बघते. मला बाई तिथेच आवडली.

मग सासूबाईंनी गोड आवाजात घरचं विचारलं. थांगवहिनींनी लपवलं नाही. नवरा रेतीच्या बोटीवर होता, नदीत गेला. गावचं घर दिरांनी घेतलं. तेव्हापासून त्या दुसऱ्यांच्या घरात झोपतात, एका बाळंतिणीकडून दुसऱ्या बाळंतिणीकडे. सासूबाई म्हणाल्या, फार सोसलंत हो. मला वाटलं, चला, बाईच्या मनाला कुठेतरी पाझर आहे. पाझर कसला, त्या मनात गाठ मारून ठेवत होत्या.

घरी आलो ती सकाळ. माझं डोकं फडक्याने बांधलं होतं, खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या होत्या, का तर वारा लागेल. पुढ्यात डुकराच्या पायांचा बिनमिठाचा रस्सा. मिरची महिनाभर बंद. आमच्याकडच्या माणसाची मिरची बंद करायची आणि वर शांत राहा म्हणायचं, ही एक गंमतच आहे.

पण खरं दुखणं वेगळं होतं. छाती दगडासारखी झाली होती. हात लावला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत. अंगात ताप भरत होता, दात वाजत होते, आणि पोरीच्या तोंडात काही बसत नव्हतं. ती धरायची, सुटायची, पुन्हा धरायची आणि मग किंचाळायची. माझ्या नवऱ्याने, हाइथाओने, बाटली करून आणली तर तिने जिभेने बाहेर ढकलली. दुपारपर्यंत तिच्या रडण्याचा आवाज बसला. लंगोट कोरडाच्या कोरडा. तो कोरडा लंगोट बघून मला जी भीती वाटली ती कळांच्या वेळीसुद्धा वाटली नव्हती.

मी सारखी विचारत होते, वहिनी कुठे आहेत? हाइथाओ म्हणायचा, येतायत, वाटेत आहेत. त्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. पण तापात माझं लक्ष त्याच्या कानांकडे नव्हतं.

मग जिन्यातून आवाज आला. वरच्या मजल्यावरच्या आजी भाजी घेऊन चढत होत्या, त्यांनी कुणाला तरी विचारलं, इथे का बसलात हो, किल्ली हरवली का? आणि फोनवर ऐकलेला तोच हसरा आवाज म्हणाला, नाही, मी वरच्या बाळंतिणीसाठी आलेय. सकाळीच आले. पाहुणे येऊन गेले की आत जाईन.

सकाळीच.

मी हाइथाओकडे बघितलं. आता कान दिसले.

बोवनदादाची सकाळची गाडी मीटिंगमुळे चुकली होती, आणि दुपारचीही कशाने तरी चुकली होती. तोवर थांगवहिनींना सासूबाईंनी खालच्या वळणावर स्टूल टाकून दिलं होतं. बशीत संत्री आणि थर्मासात गरम पाणीही ठेवलं होतं. म्हणजे बघा, कुणी म्हणायला नको की वाईट वागवलं. इकडे भिंतीच्या एका बाजूला माझी पोर उपाशी, मी तापाने फणफणलेली, आणि जिला त्याच्यासाठी आणलं ती दुसऱ्या बाजूला संत्री सोलत बसलेली. आणि हे घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक.

मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. टोफूवालीने ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती. हाइथाओ मध्ये पडून म्हणाला, यीलान, दादा स्टेशनवर उतरलाय, थोडक्यासाठी कशाला. मी म्हटलं, थोडक्यासाठी तू ये इकडे, तू पाज. तो बाजूला झाला. त्याला तेवढंच येतं.

सासूबाई मात्र बाजूला होणाऱ्यातल्या नाहीत. दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"त्या बाईचं नशीब ऐकलंस ना? नवरा बुडाला, घर गेलं, दारोदार फिरतेय. माझ्या नातीने ते घ्यायचं?"

"नातीने आधी दूध घ्यायचं."

"तुझ्या वेळी कोण आलं होतं, ते दिसतंच आहे."

"दिसू दे," मी म्हटलं, "आणि दारातून सरका."

त्या सरकल्या. ताप चढलेली, टाके पडलेली, केस न विंचरलेली बाई पोर छातीशी धरून चालून आली की माणूस सरकतो. मी चपला घातल्या आणि पायऱ्या उतरायला लागले. जिन्याच्या खिडकीला काच नाही, नदीवरचा वारा सरळ आत येतो. मागून सासूबाई ओरडल्या, वारा, वारा. हाइथाओ पांघरूण घेऊन मागे धावला. मी दोघांकडे बघितलं नाही.

थांगवहिनी वळणावर होत्या. माझी चाहूल लागताच उठल्या, आणि मला वाटलं हात पुढे करतील. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"वर जा पोरी, वारा बाधेल," त्या भिंतीशी बोलल्या. "आणि बाळाला इकडे आणू नकोस. मी बघत नाही."

मला हसावं की थुंकावं कळेना. त्यांच्या बाजूने लढून मी खाली आले, आणि बाई सासूबाईंच्या बाजूला. मी म्हटलं, तुम्हीसुद्धा? तुम्हाला लाज नाही वाटत, त्यांनी तुम्हाला असं जिन्यात बसवलं आणि तुम्ही बसलात?

"त्यांचं काय चुकलं?" थांगवहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे माझं डोकं आणखी फिरलं. "मुलगी आहे. माझं जे झालं ते तिचं कशाला व्हावं? माझ्या लेकीला मुलगी झाली, तेव्हाही मी बाहेरच थांबले होते. शेजारची मास्तरीण येऊन बघून गेली, मगच आत गेले."

"लेकीने थांबवलं?"

"नाही. ती आतून हाका मारत होती."

मी तिथेच पायरीवर बसले. इतका वेळ राग कुणावर काढायचा ते मला नीट ठाऊक होतं, नावानिशी. आता तो कुणावर काढू? लेक आत हाका मारतेय, आणि ही बाई दाराबाहेर उभी, जगभरच्या बाळांना छातीशी लावणारी, स्वतःच्या नातीपासून स्वतःला लपवून. कुणी शिकवलं हिला हे? सासूबाईंनी तर नाही शिकवलं. त्यांच्या कितीतरी आधी कुणीतरी शिकवून ठेवलं होतं, आणि हिने ते आपलं म्हणून जपलं होतं.

पोर पुन्हा किंचाळली, बसक्या आवाजात. तो आवाज काही थांगवहिनींना सोसवला नाही. त्या वळल्या, पण डोळे गच्च मिटून. चाचपडत माझ्याशेजारी बसल्या. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी थर्मासचं पाणी रुमालावर ओतलं, पिळलं, माझ्या छातीवर दाबलं. मी ओरडले. ओरड, त्या म्हणाल्या. अंगठ्याने त्यांनी हळूहळू चोळलं, मग पोरीचं डोकं तळहातात धरलं, तिची हनुवटी बोटाने खाली केली आणि तिला माझ्यावर टेकवलं. एकदा सुटली, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मला आतून ओढ बसली, इतकी की मी पायरीची कड धरली, आणि जिन्यात एकदम शांत झालं. घटाघट पिण्याचा आवाज तेवढा येत होता.

वर दारात सासूबाई उभ्या होत्या. खालून बुटांचा आवाज आला. बोवनदादा फळांची परडी घेऊन चढत होता, फोनवर कुणाला तरी सांगत होता की पोचलोच. सासूबाई वरून म्हणाल्या, बोवन, लवकर ये बाबा, अजून कुणी बघितलं नाहीये. खरंच होतं ते. थांगवहिनींचे डोळे अजून मिटलेलेच होते, मान माझ्या खांद्याकडे वळवलेली, आणि हात मात्र माझ्या पोरीच्या डोक्याखाली.

पोरीने पिता पिता डोळे उघडले. माझ्याकडे नाही बघितलं तिने. माझा चेहरा वर होता, तिच्यासमोर थांगवहिनींचा चेहरा होता, तिथे ती टक लावून राहिली.

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही बघा नाहीतर नका बघू. तिने तुम्हाला बघितलंय."

त्या हलल्या नाहीत. बूट एक मजला आणखी वर आले. मग त्यांच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं, आणि त्यांनी डोळे उघडले. उघडले ते बघतच राहिल्या. बोवनदादा परडीसकट खालच्या पायरीवर येऊन थांबला, वरून सासूबाईंचा आवाज एकदम बंद झाला, आणि थांगवहिनींचं तिकडे लक्षच नव्हतं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "किती रागाने बघते ही."

"बघू दे," मी म्हटलं.