टाकीत काय निघालं

पाण्याच्या टाक्या धुण्याच्या धंद्यात माणूस पडला की सगळ्यात आधी त्याची तहान मरते. माझी मेली आहे. या शहरात मी कोणाच्याही घरचं पाणी पीत नाही. डॉक्टरच्या घरचं नाही, वकिलाच्या घरचं नाही, आणि ज्यांच्या दारात रांगोळी आणि ओट्यावर पाणी शुद्ध करायचं महागडं यंत्र असतं त्यांच्या घरचं तर मुळीच नाही. त्यांच्या टाक्यांत मी कमरेइतका उतरलो आहे. पाली, झुरळं, उंदीर, एकदा तर कोणाची तरी कवळी. माळरानावर इमारती उठल्या, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणार हे माहीत असून लोकांनी त्यात घरं घेतली, आणि दुष्काळ पडल्यापासून मिळेल त्या विहिरीचं टँकरचं पाणी टाक्यांत ओतून वर झाकण लावून मोकळे झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. टाकीत काय निघालं ते गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. मोतीराम माझ्याकडे सुरुवातीपासून आहे. त्याने एकदा एका बाईंना मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवला. बाई ओकल्या, मग त्यांनी आम्हालाच शिव्या घातल्या, जणू उंदीर आम्ही घरून आणला होता. तेव्हापासून निघेल ते गोणीत भरायचं, गोणीचं तोंड आवळायचं आणि 'थोडा गाळ होता' एवढंच म्हणायचं.

या नियमापायी मी स्वरदाला जवळजवळ गमावून बसलो होतो.

स्वरदा बीड बायपासच्या पलीकडच्या एका सोसायटीची सेक्रेटरी. दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून ती झाली. वाळूजच्या एका औषध कंपनीत नोकरी, घरी आई यमुनाबाई, आणि मागे पुण्यात मोडून आलेलं लग्न. त्या नवऱ्याला प्रत्येक गोष्टीचा खुलासा लागायचा. उशीर का झाला, फोनवर कोण होतं, हसलीस कशाला. "आता मी कुठल्याच पुरुषाला खुलासे देत बसणार नाही," तिने मला आमची ओळख जेमतेम झाली तेव्हाच सांगून टाकलं.

मला ते पटलं, कारण माझं दुखणं त्याच्याच उलट होतं. मी कोणाला कारण विचारत नाही. मी राजेंद्र, मूळचा पिशोरकडचा, बौद्ध. डिप्लोमाला असताना एका मुलीने माझ्याबरोबर आयुष्य काढायच्या गप्पा मारल्या आणि ऐन वेळी 'घरचे तयार नाहीत' म्हणाली. मी का म्हणून विचारलं. ती तासभर गुळमुळीत बोलत राहिली आणि फिरून फिरून माझ्या जातीपाशीच येऊन थांबली. त्या तासाची मला अजून शिसारी येते. तेव्हापासून ठरवलं, विचारायचं नाही, उठून जायचं. दुधाने तोंड पोळलेली आम्ही दोघं, ताकसुद्धा फुंकून पीत होतो.

तरी पीत होतो. रविवारी दौलताबादच्या रस्त्याला टपरीवर चहा घ्यायचो. उकळलेला चहा मला चालतो. ती माझ्या धंद्याबद्दल विचारायची, मी 'थोडा गाळ असतो' म्हणायचो. ती हसायची आणि म्हणायची, "तुमच्यासारखा नाकाने कांदे सोलणारा माणूस या धंद्यात आलाच कसा?" तिच्यावर माझा जीव जडला होता. हे तिलाही कळत होतं आणि आमच्यात ते कोणी बोलत नव्हतं.

मग मी तिच्या घरी जायला लागलो. यमुनाबाई दर वेळी पाणी पुढे करायच्या आणि मी दर वेळी 'आत्ताच प्यालो' म्हणायचो. त्यांच्या सोसायटीचा हौद मीच धुतला होता. त्यात काय होतं ते त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगू? एकदा उन्हातून गेलो होतो, घशाला कोरड पडली होती, म्हणून ग्लास हातात घेतला. सवयीने रुमालाने त्याची कड पुसली, ओठ टेकवले आणि मला हौद आठवला. ग्लास तसाच खाली ठेवला. स्वरदा बघत होती.

पुढच्या खेपेला मी बैठकीत बसलो होतो. आत स्वयंपाकघरात ती आईला म्हणाली, "आई, तो नाही. त्यांचा ग्लास वेगळा ठेवलाय ना खिडकीत, त्यातच दे."

त्यांचा ग्लास. वेगळा. मी मान वळवून बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाकीच्या भांड्यांपासून लांब, एक स्टीलचा ग्लास उपडा घातलेला होता. टाक्यांमध्ये इतकी वर्षं काढली, पण इतकी किळस कधी आली नव्हती. गोड बोलणारी, दौलताबादच्या रस्त्यावर माझ्याच कागदातली भजी खाणारी बाई घरात आली की हे. मी चप्पल घातली आणि जिना उतरलो. तिचा एकदा फोन आला, मी उचलला नाही. पुन्हा तिने केला नाही. खुलासा द्यायचा नाही आणि विचारायचं नाही अशी दोघं भेटल्यावर दुसरं काय होणार.

मुकुंदवाडीत आमच्या घरी आई असते, भामाबाई. तिने माझं तोंड दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर ती भाकरी थापतच म्हणाली, "गिलास नवा व्हता का जुना?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"लई पडतो. माझं अर्धं आयुष्य लोकायच्या वेगळ्या कपात चहा पेन्यात गेलं. कान तुटलेला, चीर गेलेला, फेकून द्यायच्या लायकीचा. आपल्यासाठी कुनी दुकानातून नवं आनलं नाय कधी."

ग्लासावर दुकानाचा चिकटवलेला कागद अजून तसाच होता, हे मला आठवलं. पण आठवून काय उपयोग? नवा घेऊनही वेगळा ठेवणारे लोक असतात. उलट तेच जास्त असतात आता. शिकलेले.

मग स्वरदाच्या सोसायटीतून निरोप आला, पाण्याला वास येतोय. मी मोतीरामला एकट्याला पाठवणार होतो, पण त्या सोसायटीचा हौद जमिनीखाली आहे, खोल, एका माणसाचं काम नाही. गेलो. झाकणाचा एक कोपरा फुटला होता. पाणी उपसलं, हवा खेळू दिली आणि शिडीने खाली उतरलो. कोपऱ्यात कबुतर पडलं होतं. कबुतर तरी कसं म्हणायचं, पिसांचं एक बोचकं, आणि हात लावला तर खालून सुटणारं. भिंतींना शेवाळ आणि त्यावर पांढऱ्या अळ्या. मी गोणी मागवली.

वरून आवाज आला तो मोतीरामचा नव्हता. "काय निघालं?"

"थोडा गाळ आहे."

"मला बघायचंय," स्वरदा म्हणाली. "सेक्रेटरी आहे मी."

मला राग आला होता. तिच्यावर, तिच्या ग्लासावर, स्वतःवर, त्या कबुतरावर. म्हटलं, बघ एकदा तुम्हा लोकांचं सोवळं आतून कसं दिसतं ते. नियम मोडला. "या," म्हणालो.

ती सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरली. मी टॉर्च कोपऱ्यावर धरला. तिने बघितलं, नीट बघितलं, मग भिंतीला हात टेकून ओकली. भिंतीवरच्या अळ्या हाताला लागल्या म्हणून परत ओकली. माझा राग तेवढ्यात कुठे गेला ते कळलं नाही. मी तिचे केस मागे धरले.

"हे आम्ही पीत होतो?" ती म्हणाली.

"सगळेच पितात. गेल्या वेळी उंदीर होते."

ती माझ्याकडे वळली. "म्हणून तुम्ही पाणी घेत नव्हता आमच्याकडे?"

"व्हय. आम्ही सांगत नाही गिऱ्हाइकाला."

"मी गिऱ्हाईक आहे?"

मी कबुतर गोणीत भरलं आणि गोणीचं तोंड आवळलं.

"तुम्ही ग्लासाची कड पुसलीत," ती म्हणाली. "मला वाटलं, आमच्या उष्ट्याखरकट्या भांड्यांची तुम्हाला किळस येते. आईला नीट दिसत नाही, ग्लास तेलकट राहतात. म्हणून तुमच्यासाठी नवा आणला आणि कोणाचा हात लागू नये म्हणून बाजूला ठेवला. तुम्ही उठून गेलात तेव्हा मला कळलंच नाही. मग तुमच्या मागे जिन्यात आले तेव्हा कळलं की ते कसं दिसलं असेल, आणि मला स्वतःचीच इतकी घाण वाटली." तिने हात सलवारीला पुसला. "हा खुलासा आहे. पुण्याहून आल्यापासूनचा पहिला. परत देणार नाही."

"हे खरं कशावरून?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मीही कोणाला पहिल्यांदाच विचारत होतो, आणि मला भीती वाटत होती.

"कशावरूनच नाही," ती म्हणाली.

खरंच, कशावरूनच नव्हतं. ग्लास नवा होता, तिचं खरं धरलं काय आणि खोटं धरलं काय, तो नवाच राहत होता. माझ्या आईची साक्ष काढली तरी ती फार तर एक अंदाज. स्वरदा चिखलात उभी होती, हनुवटीला ओकारी लागलेली, आणि मी काय म्हणतो याची वाट बघत होती. मी नाही म्हटलं असतं तर ती काहीच न बोलता शिडी चढून गेली असती आणि मग आम्ही दोघंही अगदी सुरक्षित राहिलो असतो.

मोतीरामने वरून दोरीला बांधून माझी पाण्याची बाटली सोडली. मी ती तिच्याकडे दिली. तिने चूळ भरली, मग बाटली तोंडाला लावून घटाघट पाणी प्यायली. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी वरून पितात. तिच्या ते लक्षातच राहिलं नव्हतं. लक्षात आलं तेव्हा ती ओशाळली.

"अहो, उष्टी केली मी. त्यात आणि हे ओकलेलं तोंड," असं म्हणून ती ओढणीने बाटलीची कड पुसायला लागली.

"पुसू नका," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. मी बाटली घेतली. हात आधी रुमालाकडे गेला, इतक्या वर्षांची सवय. मग मी ती तोंडाला लावली. पाणी आंबूस लागलं, शेवाळाचा वास होता. मी ते सगळं संपवलं.