मी कोंबडीची लेक

मी एक बदकीण. पण माझी आई कोण म्हणाल, तर कोंबडी. तांबडी, डाव्या पायाने किंचित लंगडणारी.

आमच्या जातीला अंडी उबवायचा सोस उरलेला नाही. सकाळी अंडं टाकायचं आणि पाण्याकडे चालू पडायचं. म्हणून मेकाँग नदीकाठची आमची मालकीण थोआ बदकांची अंडी खुडूक कोंबडीखाली सरकवते. मी तशीच जन्मले. आईने मला दाणा टिपायला शिकवलं, पंखाखाली घेतलं. मी पहिल्यांदा कालव्यात उतरले, तेव्हा काठावर ओरडून ओरडून तिचा घसा बसला.

भाताची कापणी झाली की थोआचा दीर आम्हाला नावेत घालून खाचरोखाचरी चरायला नेई. सांडलेलं भात, गोगलगाई, नुसती चंगळ. तिथे रानबदकंही उतरत. एका वर्षी आम्ही परतलो आणि अंगणातल्या कोंबड्या पटापट माना टाकू लागल्या. आम्हाला साधी शिंकही नाही. आई स्वयंपाकघरातल्या टोपलीत अंड्यांवर बसली होती, म्हणून वाचली.

जनावरांची डॉक्टर हान आली. तिने सांगितलं, फ्लूचा विषाणू बदकांच्याच पोटातून आलाय. बदकाच्या पेशीत एक जनुक असतं. विषाणू आत शिरताच ते त्याला ओळखतं आणि पहारेकऱ्यासारखी हाकाटी करतं. कोंबड्यांच्या पूर्वजांकडून ते केव्हाच हरवलं.

"मग टोच की कोंबड्यांना एखादी सुई," थोआ म्हणाली.

"खटपट चाललीय, मावशी. पण नुसता पहारेकरी आणून भागत नाही. त्याला आवरणारं कुणी नसलं, तर चोरापायी तो घरच मोडतो. तोवर बदकांना कोंबड्यांपासून लांब ठेवा."

अंगणाच्या पार टोकाला, आम्हाला कालव्याच्या बाजूला ठेवून, मध्ये बांबूचं कुंपण आलं. रोज संध्याकाळी आई पलीकडून हाक मारी. एवढी थोराड झाले, तरी मला तिच्या पंखाखाली शिरावंसं वाटे.

पुढच्या हंगामाहून आम्ही परतलो तो टेटचा सण. नव्या वर्षाला घरचं कुणी घराबाहेर राहू नये, ही इथली रीत. केळीच्या पानात बांधलेला चिकट भात चुलीवर चढवून थोआ आली आणि कुंपणाची दोरी सोडू लागली.

"वहिनी, डॉक्टरीणबाई ओरडेल," दीर म्हणाला.

"सणाचं कोण येतंय ओरडायला? मायलेकींना आज तोडलं, तर वर्षभर घर फुटकं राहील."

आई लंगडत धावत आली. माझ्या पोटात या खेपेला काय आहे, मला ठाऊक नव्हतं. बदकाला ते कळतच नाही, कारण आमचं काही दुखत नाही. मी पाठ फिरवली आणि कालव्याच्या मधोमध गेले. ती काठावर हाका मारत राहिली. मी वळले नाही.

शेवटी थोआने तिला उचलून काखेत घेतलं. "चल बाई. पाण्यातली जात ही. यांना कसली आलीय माया?"

कुंपण पुन्हा बांधलं गेलं. तुम्हीही मला निर्दय म्हणा हवं तर. फक्त ती दोरी कुणी सोडू नका. रोज संध्याकाळी तिची हाक येईपर्यंत मी पाण्याबाहेर पडत नाही. हाक आली की समजते, आई आहे.