धुराड्याखालची गार जागा

ओमानातल्या बरका गावच्या शेतावर अर्बाबने, म्हणजे शेताच्या मालकाने, इंग्लंडमधल्या जुन्या विटांच्या फार्महाउससारखं घर बांधून घेतलं होतं. शिकायला असताना तो तसल्याच एका घरात राहिला होता. बांधकाम वसईच्या नॉरबर्टचं. एक थर उभ्या विटांचा, एक आडव्यांचा, आणि बैठकीत माणसं आत बसतील एवढी मोठी, शेकोटीसाठी भिंतीत केलेली चूल. चुलीच्या तोंडावर जुन्या गलबताची तुळई आणि तिच्यावर अख्खं धुराडं.

ओमानात शेकोटी कोण पेटवणार? अर्बाबने धुराड्यातूनच एसीचा पाइप खाली सोडला. मग चुलीइतकी गार जागा घरात दुसरी नव्हती. त्याची म्हातारी आई हवाबी तिथेच खुर्ची टाकून बसे. शेजारी तिची नर्स, नॉरबर्टची मुलगी तान्या.

त्या दुपारी नॉरबर्ट मुलीचा डबा घेऊन आला, तर तुळईच्या टोकाशी ओल. पाइपाचं पाणी आतल्या आत झिरपत होतं. त्याने अंगठा दाबला. लाकूड भिजल्या पावासारखं आत गेलं. वर विटांच्या सांध्यात बोट जाईल एवढी भेग.



"तान्या, अम्मांना घेऊन बाहेर चल. तुळई कुजलीय."

"पप्पा, मम्मी गेल्यापासून तुला सगळीकडे धोकाच दिसतो. परवा गिझर, काल बसचे टायर."

बायकोला, फेलिशियाला, मातीआड करून वर्षही झालं नव्हतं.

हवाबी हसली. "मिस्तरी, बाहर आग है. घर तूने बनाया, और तू ही डरता है?"

ओढून न्यावं तर खुर्चीचा धक्का तुळईखालच्या विटांना लागायचा. मोठ्याने बोलायचीही त्याला भीती वाटली. भेगेतली भुकटी तान्याच्या केसांवर पडत होती.

तो बाहेर गेला आणि मेन स्विच पाडला. एसी थांबला. मग खिडकीशी उभा राहून बघत राहिला. हवाबी पदराने वारा घेत होती. उठेना. तान्याने तिला पाणी पाजलं.

"यल्ला," शेवटी हवाबी वैतागली, "चल, बरामदे में."

दोघी सावकाश उंबऱ्यापर्यंत आल्या. "मेरी तस्बी," हवाबी म्हणाली. जपमाळ आणायला तान्या वळली. नॉरबर्टने तिचं मनगट धरलं.

"पप्पा, दुखतंय."

"दुखू दे."

आत काहीतरी कण्हल्यासारखं वाजलं आणि धुराडं खाली आलं. दारातून लाल धूळ बाहेर पडली. खुर्ची दिसेनाशी झाली.

तान्याने मनगट सोडवून घेतलं नाही. नॉरबर्ट उरलेल्या भिंतींकडे बघत होता. त्यानेही ते सोडलं नाही.