वास सुटेपर्यंत

जयंतराव कढईतली कणीक उलथन्यानं खालीवर करत होते आणि प्रतिमाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. ओढणी नाकावरून घट्ट बांधलेली.

"गॅस बारीक ठेवा. हात थांबवू नका."

"थांबलाय कुठं? पण हे मला शिकवून काय उपयोग? तिथं तू आहेसच ना?"

"माझा गुडघा धरलाय. करा मुकाट्यानं."

गेले काही दिवस हे असंच चाललं होतं. विमा कंपनीतून साहेब म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला बाईनं पार कामाला जुंपलं होतं. खिचडी त्यांनी लावायची, बाळाला न्हाऊ कसं घालायचं ते मांडीवर उशी घेऊन शिकायचं, आणि आता हे मेथीचे लाडू. निजायला त्या मागच्या खोलीत गेल्या होत्या. म्हणे, तुमच्या घोरण्यानं झोप मोडते. इतकी वर्षं न मोडलेली झोप आत्ताच कशी मोडायला लागली, हे विचारायची जयंतरावांची छाती नव्हती.

परवा दोघांना बँकॉकला निघायचं होतं. अनुया, त्यांची एकुलती एक मुलगी, तिथं त्यांच्या जयपूरच्याच एका रत्नांच्या पेढीचं काम बघत होती आणि तिचे दिवस भरत आले होते. जावई कौस्तुभ जहाजावर. तो महिनाभर तरी पोहोचत नव्हता. पहिल्या खेपेलाही तो समुद्रावरच होता, आणि टाळेबंदीत विमानं बंद होती. मूल जन्मतःच गेलं. पोर दवाखान्यातून रिकाम्या हातांनी एकटी घरी आली. त्या दिवशी प्रतिमाबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी तू एकटी नसशील." तेव्हापासून जगबुडी झाली तरी जायचंच, हे ठरलेलं. व्हिसा झाला. करोनाच्या उपचारांचा खर्च देणारा विमा त्या देशाला हवा होता, तोही झाला. उरली होती फक्त चाचणी. उद्या सकाळी नाकातला नमुना घ्यायला माणूस त्यांच्या प्रताप नगरच्या घरीच येणार होता.

कणीक बदामी झाली. मग तांबूस.

"उतरवू का?"

"वास सुटू दे."

प्रतिमाबाईंचं नाक गल्लीत नावाजलेलं. कुणाच्या फोडणीत हिंग जास्त पडला, हे त्या फाटकातून सांगत. त्या वास नाही म्हणतात म्हणजे नसेलच, असं समजून जयंतराव हलवत राहिले. कणीक काळवंडली, करपट वास घशात गेला, तरी हलवत राहिले. उंबऱ्याबाहेरून कढईचा तळ दिसत नव्हता.

"अजून थोडी," त्या म्हणाल्या. "खमंग वास आला की बस."

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या विभाजींनी हाक मारली, "भाभीजी, कुछ जल रहा है क्या?"

जयंतरावांनी गॅस बंद केला आणि वळून पाहिलं. ओढणीवरचे दोन डोळे क्षणभर त्यांच्यावर थांबले आणि खाली गेले.

जयंतरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आजार लपवून पॉलिसी घेणारी माणसं त्यांनी नोकरीत ढिगानं पाहिली होती. आता तेच घरात. दिवस भरलेल्या पोरीकडे ही बाई करोना घेऊन निघाली होती! ते तडक बाहेरच्या खोलीत गेले. बायकोची बॅग दिवाणाखाली सरकवायला त्यांनी जोरात ओढली, आणि ती हलकीच निघून भिंतीवर आपटली. रिकामी होती. शेजारी त्यांची स्वतःची बॅग मात्र गच्च भरलेली. शर्ट, औषधं, झबली, टोपडी, बाळंतशेपा, आणि सगळ्यांत वर बाळासाठी घेतलेली छोटी जयपुरी रजई.

"अगं, म्हणजे..."

"वास कालपासून गेलाय. घसा त्याच्या आधीच," प्रतिमाबाई लांबूनच म्हणाल्या. "सांगितलं असतं तर मला सोडून गेला असतात तुम्ही?"

"आणि बाळंतपणाला बाप काय कामाचा?"

"मागच्या खेपेला तिला कामाचं माणूस नको होतं हो. कुणीतरी हवं होतं." त्या दम घेऊन पुढे बोलल्या. "तिथं उतरलात की पुन्हा चाचणी, मग हॉटेलात वेगळं ठेवतात. धड असाल तरच तिच्याकडे सोडतील. सगळं विचारून घेतलंय मी. इथं विभाजी डबा ठेवतील दारात. आणि लाडवांना माझा हात लागलेला नाही."

जयंतराव भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. ही इथं तापात एकटी पडणार.

"आयुष्यभर लोकांना विचारत फिरलात, काही लपवत तर नाही ना म्हणून. घरात विचारायचं राहिलं." त्या हसायला गेल्या आणि खोकला आला. तो दाबत त्यांनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"दुसरी कणीक घ्या," आतून आवाज आला. "आता तुमच्याच नाकावर भिस्त."

जयंतरावांनी कढई घासली, तूप सोडलं, कणीक घातली. रंग बदलायला लागला तसा फोन वाजला. त्यांनी तो साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर अनुया, चेहरा सुजलेला.

"बाबा, तुम्ही कढईपाशी? आई कुठंय?"

"आई... पडलीय जरा."

अनुया कढईकडे बघत राहिली. लाडवांच्या कणकेला आईनं उभ्या जन्मात कुणाला हात लावू दिला नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"आईला वास येत नाहीये ना, बाबा?"

जयंतरावांचा हात थांबला. मागच्या खोलीच्या दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली दिसत होती.

"हलवा, बाबा. लागेल ती." अनुयानं डोळे पुसले. "मतलब... तुम्ही तरी येताय ना?"

चाचणी अजून व्हायची होती. 'अटी लागू' असं बजावल्याशिवाय जयंतरावांनी आजवर कुणाला काही कबूल केलं नव्हतं.

"येतो," ते म्हणाले.

दाराखालची सावली आणखी पुढे सरकली. मग आतून आवाज आला.

"उतरवा आता. सुटला असेल वास."